अमावास्या संपल्याचा दाखला

बुद्धभूषण पगारे कुठल्याही शाळेत एक तासही शिकवायला गेलेले नाहीत, तरी नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत त्यांना सगळे सर म्हणतात. नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं नोकरी केली तेव्हा ते नुसते पगारे होते. निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनी बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सहाला फुकट योगवर्ग सुरू केला आणि सर झाले. वर्गात अकरा माणसं, सगळी साठीच्या पलीकडची. सरांच्या योगाची परंपरा विचाराल तर ती टीव्ही, एक पातळ पुस्तक आणि स्वतःचा खणखणीत आवाज या तिन्हींतून उतरलेली. पण नऊ वर्षांत त्या शेडमध्ये कुणाचं हाड मोडलं नव्हतं आणि पुंजारामचा गुडघा, जो एसटीच्या क्लचवर आयुष्यभर दाबून आखडला होता, तो थोडाफार वाकायला लागला होता. शिवाय सरांनी "हात वर" म्हटलं की बावीस हात निमूट वर जात. निवृत्त माणसाच्या शब्दावर घरात पंख्याचं बटणसुद्धा कुणी दाबत नाही, तिथे बावीस हात म्हणजे काही थोडं सुख नव्हे.

सरांच्या आयुष्यात योगाहून जुनी एकच गोष्ट होती, ती म्हणजे अमावास्येशी वैर. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातलं पंचांग बाहेर गेलं, ते पुन्हा आत आलं नाही. सरांनी ही शिकवण नुसती पाळली नाही, वाढवली. नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले ते अमावास्येला. मुलीचं, साक्षीचं लग्न लावलं तेही अमावास्येला; मागाल तो हॉल मिळाला आणि आचारीसुद्धा वेळेवर आला. घरात बँकेचं साधं कॅलेंडर, त्यावर तिथी नाही. त्यामुळे अमावास्या कधी आहे हे कळायला सरांना दुसऱ्यांच्या भिंतींकडे डोकवावं लागे, हा भाग वेगळा. वर्गातल्या यशोदाबाई, वय वर्षं त्र्याहत्तर, माहेर घोटीकडचं, अमावास्येला हटकून गैरहजर. दुसऱ्या दिवशी सर त्यांना दहा मिनिटं विज्ञान समजावून सांगत. त्या मनापासून मान डोलावत आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा घरी बसत.

सरांच्या समोरच्याच दारात गोविंद गायधनी राहतात. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंचं धर्मकृत्य करणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि अमावास्या हा त्यांच्या कामाचा सगळ्यांत मोठा दिवस. सव्वीस वर्षं या दोघांचा जिन्यात वाद चालू आहे. अख्खी कॉलनी त्यांना गुरुजी म्हणते, सर मात्र गायधनी म्हणतात. अख्खी कॉलनी यांना सर म्हणते, गुरुजी मात्र पगारे म्हणतात. बाकी दोन्ही घरांतल्या वाट्या-डबे कुणाचे कोणते हे आता दोन्ही बायकांनाही सांगता येत नाही.

तर एप्रिलमध्ये बागेच्या फाटकावर एक नोटीस लागली. बाग सांभाळायचं काम नुकतंच 'हरितप्राण प्रतिष्ठान' नावाच्या एका संस्थेकडे गेलं होतं. संस्थेने कळवलं होतं की एक जूनपासून शेडमध्ये वर्ग घेणाऱ्याकडे नामवंत परंपरेतल्या शिक्षकाचं प्रमाणपत्र असणं आवश्यक आहे. नसल्यास संस्था स्वतःचा प्रशिक्षक नेमेल. सरांनी नोटीस दोनदा वाचली, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका मनातल्या मनात दुरुस्त केल्या आणि घरी येऊन चहा पिताना ती तोंडपाठ म्हणून दाखवली. त्यांची बायको अंजलीताई म्हणाल्या की जाऊ द्या, नऊ वर्षं केलंत ते काय कमी झालं. सरांना हे वाक्य फार लागलं. सत्कारात बोलतात तसलं वाक्य होतं ते, आणि सत्कार झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी बोलावत नाही हे त्यांनी प्रेसमध्ये पाहिलं होतं.

प्रमाणपत्राचा शोध सुरू झाला. शोध लागला तो गंगापूर रोडला. तिथे मृण्मयी नावाच्या मुलीचा योगस्टुडिओ होता आणि तिने नॉर्वेच्या इंग्रिड नावाच्या शिक्षिकेची अष्टांग योगाची दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती, शनिवार-रविवार. ही बाई म्हैसूरला गुरूंकडे वर्षानुवर्षं राहून शिकलेली, म्हणजे परंपरेत खोट काढायला जागा नाही. दोन्ही दिवस पूर्ण अभ्यास करणाऱ्याला सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. कार्यशाळा एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये होती. ऐन मे महिन्याच्या लग्नसराईत शनिवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत हॉल कसा काय मोकळा, असं सरांनी फोनवर विचारलं. मृण्मयी म्हणाली, काय माहीत काका, लकी आहोत आपण, आमचा शनिवार सकाळचा स्लॉटही त्यांनी जोडून दिला. सरांना त्यातलं मर्म तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या माणसाने मुलीचं लग्न याच हिशेबाने लावलं, त्याच्या हे लक्षात आलं नाही, यावरून प्रमाणपत्राची ओढ माणसाला किती आंधळं करते ते दिसतं.

अर्ज मोबाइलवर भरायचा होता. त्यात जुन्या दुखापती, झोपेची वेळ, शेवटचं जेवण कधी करता, असे जावयालाही विचारणार नाही इतके प्रश्न होते. या कार्यशाळेतून तुम्हाला काय घेऊन जायचंय, या प्रश्नावर इतरांनी शांतता, स्थैर्य, स्वतःची ओळख असं काही लिहिलं असावं. सरांनी लिहिलं, सर्टिफिकेट. त्यानंतर तंदुरुस्तीचा दाखला. कॉलनीतल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघून विचारलं, कशासाठी हवाय. योगासाठी म्हटल्यावर ते म्हणाले की योग करा असं मीच तुम्हाला लिहून देतो, योगासाठी दाखला मागणारा पहिलाच पेशंट पाहिला. तिथे अर्धा तास गेला.

सल्ले तर विचारूच नका. पुंजारामने सांगितलं की आदल्या रात्री गुडघ्यांना मोहरीचं तेल, आणि पहाटे दोन केळी खाऊन जा, रिकाम्या पोटी गाडी घाट चढत नाही. कार्यशाळेच्या सूचनेत रिकाम्या पोटी यावं असं स्पष्ट लिहिलेलं. अंजलीताईंनी साक्षीशी फोनवर सल्लामसलत करून एक ताणली जाणारी काळी पॅन्ट आणली. सर ती घालून आरशासमोर उभे राहिले आणि सदरा जमेल तितका खाली ओढला. समोरच्या दारातून गायधनींनी ती पाहिली आणि फक्त इतकंच विचारलं की पोहायला चाललात का.

शनिवारी पहाटे सव्वापाचला सर स्कूटरवरून कार्यालयात हजर झाले. दारावर आदल्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती आणि आत पंचवीस तरुण मुलंमुली आपापल्या रंगीत चटया पसरून गप्प बसली होती. सरांनी सतरंजी पसरली. इंग्रिडबाई साठीच्या, उंच, पांढऱ्या केसांचा अंबाडा, आणि उगाच हसायची सवय नसलेल्या. त्यांनी संस्कृतात प्रार्थना म्हटली, ती सरांच्या पातळ पुस्तकातल्याहून शुद्ध होती. मग त्यांनी "एकम्" म्हणून श्वास घ्यायला सांगितला आणि सगळ्यांनी हात वर केले.

सरांचे हात वर गेले ते असे गेले की बाई त्यांच्यापाशी येऊन थांबल्या. खांदे सैल, कोपरं सरळ, तळवे मोकळे. त्यांनी बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं, हे पाहा, याला म्हणतात समर्पण, हा माणूस वर्षानुवर्षं हे करत आला आहे. खोटं नव्हतं ते. प्रेसमध्ये रोज सुटताना गेटवर झडती होई आणि चौतीस वर्षं सरांनी रोज असेच हात वर केले होते. पण हे सांगायची ती जागा नव्हती, म्हणून सरांनी कौतुक तसंच ठेवून घेतलं.

कौतुकाने माणूस बिघडतो. बाईंनी साठीच्या वरच्यांनी पुढची अवघड आसनं सोडून द्यावीत असं स्वच्छ सांगितलं होतं. सरांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. पद्मासन घालून मांडी आणि पोटरीच्या फटीतून दोन्ही हात कोपरापर्यंत बाहेर काढायचे आणि कान धरायचे, असा एक प्रकार होता. ओळीतली मुलं पायांवर पाणी फवारून हात आत सरकवत होती. सरांनीही फवारून घेतलं. उजवा हात गेला. डावा अर्धा गेला. काळी पॅन्ट पाण्याने फुगली आणि आता ना हात पुढे जाईना ना मागे येईना. इकडे वर्ग पुढची तीन आसनं करून शवासनात गेला, दिवे मंद झाले, सगळे डोळे मिटून पडले, आणि मधोमध सर गाठोड्यासारखे बसून राहिले. शेवटी इंग्रिडबाईंनी एका बाजूने आणि मृण्मयीने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना सोडवलं. हात बाहेर आला तेव्हा कार्यालयाच्या झाडूवाल्या मावशींनी दारातून विचारलं की बाबांना काही झालं का. सरांनी शवासन केलं, पण त्यांना शांतता काही लाभली नाही.

तरी एक दिवस पार पडला होता. चहा पिताना सरांनी मनात म्हटलं, उद्या एवढंच, की शेड आपली. तेवढ्यात बाईंनी हात जोडून जाहीर केलं की उद्या अमावास्या आहे. आमच्या परंपरेत पौर्णिमा आणि अमावास्येला अभ्यास करत नाहीत. तेव्हा उद्या सगळ्यांनी विश्रांती घ्यावी. दौऱ्याच्या तारखा नॉर्वेतल्या कुणी ठरवल्या होत्या आणि त्यांच्याही हे आत्ताच लक्षात आलं होतं, त्याबद्दल क्षमस्व. मुलामुलींना काय, सुटी मिळाली. त्यांनी लगेच विंचूरच्या वाइनरीत जायचं ठरवलं. हॉल मोकळा का होता हे सरांना त्या क्षणी कळलं आणि चहाचा घोट तसाच तोंडात राहिला.

सर उभे राहिले. गेली चाळीस वर्षं तयार असलेलं अमावास्येवरचं भाषण त्यांनी पहिल्यांदाच इंग्रजीत केलं. सूर्य, चंद्र, पृथ्वी, सावली, माणसाची बुद्धी, सगळं सांगितलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, माणसाच्या शरीरात बहुतेक पाणीच असतं आणि चंद्र पाणी ओढतो, समुद्राला भरती येते ती त्यामुळेच. सर म्हणाले, मॅडम, नाशिकला समुद्र नाही. बाई यावर हसल्या नाहीत. माझ्या गुरूंनी असं शिकवलं आहे, एवढंच म्हणाल्या. आणि प्रमाणपत्र दोन दिवसांच्या अभ्यासाचं आहे, एका दिवसाचं नाही.

आयुष्यभर सरांनी अमावास्येवरून वाद घातले ते आजीशी, चुलत्यांशी, शेजाऱ्यांशी, व्याह्यांशी. नॉर्वेहून कुणी येऊन आपल्याला अमावास्या सांगेल अशी कल्पना त्यांनी केली नव्हती. त्यांना रागही आला आणि कसंनुसंही झालं. मृण्मयीला मात्र त्यांची दया आली. तिने बाईंना विचारलं की अमावास्या उद्या दुपारी संपत असेल तर संध्याकाळी अभ्यास घ्याल का, तुमची मुंबईची गाडी रात्री आहे. बाई विचारात पडल्या. त्यांच्या तक्त्यात नुसती तारीख होती, वेळ नव्हती, आणि दोन मोबाइलवर दोन वेगळ्या वेळा दिसत होत्या. अखेर म्हणाल्या की इथे गोदावरीवर जाणते पुरोहित असतील. त्यांच्यापैकी कुणी तिथी संपल्याची वेळ लिहून, सही करून दिली, तर मी घेईन. मृण्मयीने विचारलं, काका, तुमच्या ओळखीत कुणी गुरुजी आहेत का.

सर म्हणाले, बघतो.

घरापर्यंतचं अंतर चौदा किलोमीटर. एरवी अर्ध्या तासात येणारे सर त्या दिवशी सव्वा तासाने आले. अंजलीताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि समोरच्या दाराकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, कुणाकडेही जाईन, त्याच्याकडे नाही. मग त्यांनी जेवण केलं, थोडं आडवे झाले, उठून वर्तमानपत्र उलटं धरून वाचलं आणि साडेचारला समोरची बेल वाजवली.

गायधनी उद्याच्या गर्दीसाठी दर्भाच्या जुड्या बांधत बसले होते. सरांनी विषय हवापाण्यावरून आणला, यात्रेकरूंवर नेला, आणि जाता जाता विचारल्यासारखं विचारलं की उद्या ते तुमचं, ते कधी संपतंय.

"काय कधी संपतंय?" गायधनींनी विचारलं.

"तेच."

"नाव घ्या ना. चावत नाही ती."

सरांनी नाव घेतलं. गायधनींनी पंचांगही न उघडता सांगितलं की रविवारी दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी. सरांनी ते लेखी मागितलं. का, कशासाठी, कुणाला द्यायचं, हे सगळं गायधनींनी सावकाश काढून घेतलं. नॉर्वेच्या बाई अमावास्या पाळतात हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहणं सरांना जड गेलं. पण गायधनी हसले नाहीत. त्यांनी दर्भ बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लेखी हवं असेल तर अर्ज द्या. तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला काय सांगायचं."

सर उठून घरी आले. पाच मिनिटांत टेबलाशी बसले. दहा मिनिटांनी उठले. त्यांच्या डोळ्यांपुढे वडील आले आणि पाठोपाठ शेडही आली. शेडमध्ये संस्थेचा कुणी पंचविशीतला प्रशिक्षक उभा आहे, पुंजारामला गुडघा आणखी वाकव म्हणून दटावतोय, आणि यशोदाबाई आपल्याला शोधत फाटकाकडे बघताहेत, असं त्यांना लख्ख दिसलं. वडिलांनी काय सांगितलं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी मनात त्यांना विचारलं नाही. अर्ज लिहिला तो असा :

"मा. गोविंद गायधनी यांस. विषय : अमावास्या संपल्याचा दाखला मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळवितो की, मी आपल्या समोरील सदनिकेत राहत असून मला योगाभ्यासाचे कामी तथाकथित अमावास्येचा अडथळा निर्माण झाला आहे. तरी सदर अमावास्या रविवारी दुपारी ३ वाजून २२ मिनिटांनी संपत असल्याबाबतचा दाखला मिळावा, ही विनंती. आपला विश्वासू."

गायधनींनी अर्ज दोनदा वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"तथाकथित काढा."

"ते राहू द्या."

"कसं राहू देऊ? जी नाहीच, ती संपली म्हणून मी कसं लिहून देऊ, पगारे? दाखला खोटा ठरेल."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सरांनी वाद तिथेच सोडला. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तो शब्द खोडला. गायधनी म्हणाले की खाडाखोड झालेला अर्ज स्वीकारता येत नाही, पुन्हा लिहा. सरांनी तिथेच, त्यांच्या पाटावर बसून, त्यांच्याच कागदावर पुन्हा लिहिला. या वेळी वरती "मा. गुरुजी यांस" असं आपोआप लिहिलं गेलं, की गायधनी वाट बघत होते म्हणून लिहिलं गेलं, हे सरांना आजही सांगता येत नाही. अक्षर मात्र नेहमीपेक्षा वाईट आलं.

दाखला मिळाला. पावत्यांवर मारायचा गोल शिक्कासुद्धा मारून मिळाला. ही गोष्ट कुणाला सांगणार नाही असा शब्द गायधनींनी दिला आणि तो पाळला. फक्त अर्ज बरोबर आहे ना याची खात्री करण्यासाठी त्यांनी तो एकदा मोठ्याने वाचला, आणि वाचताना ते गॅलरीत उभे होते.

रविवारी चारच्या उन्हात हॉलमध्ये चौघंच आले. बाकीची विंचूरला रमली होती. इंग्रिडबाईंनी दाखला दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला, एक अक्षर वाचता येत नसताना. सर खिडकीबाहेर बघत होते. अभ्यास झाला. या वेळी सरांनी वयाप्रमाणे जेवढं सांगितलं तेवढंच केलं आणि सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र हातात घेतलं. त्यावर खाली बारीक अक्षरांत एक अट होती : हे प्रमाणपत्र बाळगणारा पौर्णिमेला आणि अमावास्येला वर्ग बंद ठेवेल. त्याखाली सरांची सही हवी होती. प्रेसमध्ये बारीक अक्षर वाचणं हेच ज्यांचं काम होतं त्यांनी ही अट न वाचता सही केली, असं म्हणता येणार नाही. त्यांनी वाचली, आणि सही केली.

हरितप्राणवाले खूश झाले. परदेशी बाईंची सही पाहून त्यांनी प्रमाणपत्राला प्लॅस्टिक चढवलं, शेडच्या खांबावर स्क्रूने बसवलं आणि बागेचा रखवालदार दत्तू याच्याकडे एक वही दिली. रोज वर्ग सुरू की बंद ते लिहायचं, महिन्याअखेर साहेब वही बघणार, अटीप्रमाणे चाललं नाही तर शेड परत घेणार. पहिली पौर्णिमा आली, वर्ग बंद राहिला. तिचं सरांना काही वाटलं नाही, पौर्णिमेला विहारात वंदना असतेच. गायधनींनी जिन्यात विचारलं की पगारे, पौर्णिमा चालते आणि अमावास्या चालत नाही, हे कसं. सर दोन पायऱ्या एकदम उतरले. तो प्रश्न त्यांना पंधरा दिवस टोचत राहिला.

पुढची अमावास्या मंगळवारी होती. सोमवारी सरांनी वर्गात, छताकडे बघत, सांगून टाकलं की उद्या अमावास्येनिमित्त वर्ग बंद. माणसं सतरंज्या गुंडाळायला लागली. यशोदाबाई मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या.

मंगळवारी पहाटे सरांना घरात बसवेना. पाच वाजता गायधनी रामकुंडाकडे निघतात, आणि अमावास्येला आपण घरी बसलोय हे त्यांनी दारातून बघावं ही कल्पनाच त्यांना सहन होईना. म्हणून त्यांच्या आधी निघाले आणि नदीकडे, स्टेशनकडे, कुठे कुठे फिरून सहाला सवयीने बागेपाशी आले. शेडमध्ये अकराच्या अकरा माणसं आपापल्या सतरंज्या पसरून बसली होती. पहिल्या ओळीत यशोदाबाई.

सरांनी विचारलं की काल सांगितलं ना, बंद आहे म्हणून.

पुंजाराम म्हणाला, "सर, आमाला काय येवढं कळत नाय का? तुमी परीक्षा घेऊन राह्यले. नऊ वरसं सांगितलं अमावस्या काय नसती, अन आता म्हनता बंद. लय हुशार तुमी."

"मी तर घरात भांडून आले," यशोदाबाई म्हणाल्या. "सून म्हनली, आज नका जाऊ, अमावस्या हे. म्या म्हनलं, सर येवढी वरसं सांगतात ते काय खोटं सांगतात का?"

सरांना गहिवरून आलं आणि त्याच वेळी चीडही आली. नऊ वर्षं घसा कोरडा करून सांगितलेलं या बाईंना नेमकं आजच पटावं, जेव्हा ते न पटण्यावर शेड अवलंबून होती. आणि त्या कौतुकाने बघत होत्या, परीक्षेत पास झालो की नाही ते सांगा म्हणून. सरांनी आयुष्यात इतका मोठा विद्यार्थी पाहिला नव्हता आणि इतकी शरमही त्यांना कधी वाटली नव्हती.

दत्तू वही आणि पेन घेऊन आला. त्याने खांबावरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं, मग माणसांकडे.

"सर, काय लिवू? आज बंद पायजे ना. साहेब वही बघतात, शेड जाईन."

"वर्ग सुरू लिही," सर म्हणाले.

"अन अमावस्या?"

"काल संपली म्हणून लिही."

"कुनी सांगितलं म्हनून लिवू?"

"माझं नाव लिही. पूर्ण."

दत्तूने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहायला घेतलं.